पिनबॉलचे बल्ब सरसकट बदलू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या खेळयंत्रांवर आलेला लेख मी दोनदा वाचला. मराठी वर्तमानपत्रात पिनबॉलला, म्हणजे काचेखालच्या उतरत्या फळीवर पोलादी गोळी टोलवण्याच्या यंत्रखेळाला, अर्धे पान मिळालेले मी पहिल्यांदाच पाहिले आणि मनापासून आनंद झाला. मात्र लेखाच्या शेवटी एक सल्ला आहे. मशीनमधले जुने तारेचे बल्ब काढून सगळीकडे पांढरे एलईडी बसवावेत, म्हणजे मशीन नव्यासारखे झळकते, असा तो सल्ला. तो वाचून पुण्यातल्या माझ्या भाच्याने शंभर पांढऱ्या एलईडींची ऑर्डर द्यायचे ठरवले. त्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी अमेरिकेतून एक जुने मशीन मागवले आहे. मी त्याला फोनवर थांबवले. आणखी कोणी तीच ऑर्डर देण्याआधी हे पत्र छापून यावे, अशी माझी इच्छा आहे.

मी मूळचा लालबागचा. वडील टॅक्सी चालवायचे. मी आयटीआयत वायरमनचा कोर्स केला, काही वर्षे मुंबईत वायरिंगची कामे केली आणि १९९१ साली बहिणीच्या आधाराने शिकागोला आलो. इथल्या एका पॅकिंगच्या कारखान्यात मेंटेनन्स इलेक्ट्रिशियन म्हणून सव्वीस वर्षे काढली. शिकागो हे पिनबॉलचे माहेर. गॉटलिब, बॅली, विल्यम्स या तिन्ही कंपन्या इथल्याच. लहानपणी आपण बॅगाटेलच्या फळीवर खिळ्यांमधून छर्रे सोडायचो, त्याच खेळातून १९३१ साली गॉटलिबचे 'बॅफल बॉल' निघाले, आणि १९४७ साली त्याच कंपनीने बटण दाबून गोळी परतवणारे फ्लिपर आणले. २००९ साली आमच्या जवळची एक बोलिंग ॲली बंद होत होती. तिथे कोपऱ्यात विल्यम्सचे १९८८ सालचे 'टॅक्सी' नावाचे मशीन धूळ खात उभे होते. त्यावरची पिवळी टॅक्सी पाहिली आणि मी भाव न करता ते घेतले. आज ते माझ्या तळघरात आहे आणि त्याची प्रत्येक वायर मला ठाऊक आहे.

आता त्या पांढऱ्या एलईडींबद्दल. हा प्रयोग मी स्वतः केलेला आहे, म्हणून अधिकाराने लिहितो. २०१४ साली एका विक्रेत्याकडून 'टॅक्सी'साठी म्हणून पूर्ण संच मागवला. सगळे दिवे कूल व्हाइट, म्हणजे निळसर पांढरे. शनिवारची अख्खी संध्याकाळ घालवून एकूण एक बल्ब बदलला. मशीन चालू केले तेव्हा तळघर दवाखान्याच्या खोलीसारखे दिसू लागले. पत्नी खेळायला उभी राहिली. ती माझ्यापेक्षा चांगली खेळते. तिसऱ्याच गोळीला ती म्हणाली, "मला गोळीच दिसत नाहीये." मी तिच्या शेजारी उभा राहून पाहिले. पिनबॉलची गोळी आरशासारखी घासलेली असते. तारेच्या बल्बाचा उजेड पसरट आणि मऊ, त्यामुळे तिच्या अंगावर एकच सोनेरी डाग हलताना दिसतो. एलईडीचा प्रत्येक ठिपका मात्र टाचणीसारखा टोकदार. गोळीच्या अंगावर पन्नास चांदण्या चमकत होत्या आणि डोळ्याला धरून ठेवायला काही उरत नव्हते.

याहून वाईट गोष्ट अर्ध्या तासाने लक्षात आली. 'टॅक्सी'त प्रवासी गोळा करायचे असतात, आणि कोण बसले, कोण उरले हे फळीतले दिवे सांगतात. मी पाहतो तर ज्यांना अजून घेतलेलेच नाही त्यांचेही दिवे मिणमिणत होते. खेळणाऱ्याला खोटी माहिती मिळत होती. मशीन बिघडले की काय असे वाटून मी रात्री एकपर्यंत मीटर घेऊन बसलो. बिघाड कुठेच नव्हता. दिवा त्या जागेचा नव्हता, एवढेच.

असे का होते, ते वायरमनच्या भाषेत सांगतो. फळीत बसवलेले हे माहिती देणारे दिवे एकेका वायरवर नसतात. आठ ओळी आणि आठ स्तंभ अशी चौसष्ट दिव्यांची जाळी असते. मशीनचा संगणक एका वेळी एकाच स्तंभाला वीज देतो, तीही सुमारे दोन मिलीसेकंद, मग पुढच्या स्तंभाकडे जातो. म्हणजे प्रत्येक दिव्याला वेळेचा आठवाच हिस्सा वीज मिळते. म्हणून जाळीला १८ व्होल्ट दिलेले असतात. अठराला आठच्या वर्गमुळाने भागा, ६.३६ येतात. बल्ब ६.३ व्होल्टचाच! ज्या इंजिनिअरांनी हा हिशेब बसवला त्यांच्याबद्दल मला आजही आदर वाटतो. त्यांनी बल्बातल्या तारेचा गुण वापरला. तार तापायला वेळ घेते आणि निवायलाही वेळ घेते, त्यामुळे सेकंदाला साठएक वेळा होणारी ही उघडझाप तिच्या अंगी लागतच नाही, आणि एका स्तंभाकडून दुसऱ्याकडे जाताना इकडेतिकडे सुटलेल्या किंचित विजेने ती पेटतही नाही. एलईडी मात्र क्षणात पेटतो, क्षणात विझतो आणि थेंबभर विजेवरही उजळतो. म्हणून ते खोटे मिणमिणणे. इथे त्याला भुताटकीचा दिवा म्हणतात. यावर उपाय केलेले, आत जास्तीचा एखादा भाग बसवलेले एलईडी मिळतात. घ्यायचेच असतील तर जाळीतल्या जागांसाठी तेच घ्यावेत. मी घेतलेले साधे होते.

एका मित्राकडे बॅलीचे १९७९ सालचे मशीन आहे. तिथे अडचण निराळी आहे. त्या काळच्या बॅलीत माहितीच्या प्रत्येक दिव्यामागे एससीआर, म्हणजे दिवा चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, असतो. एकदा चालू झाला की चालू राहायला त्याला ठरावीक प्रवाह लागतो. तारेचा बल्ब पाव ॲम्पिअर ओढतो, त्यामुळे एससीआर निवांत. एलईडी त्याच्या पासंगालाही पुरत नाही, म्हणून एससीआर सुटतो आणि दिवा थरथरतो. प्रत्येक दिव्याला आडवा, जास्तीचा प्रवाह ओढणारा रेझिस्टर लावला की थरथर थांबते, पण साठ ठिकाणी सोल्डरचा डाग मारायला कोणाकडे वेळ आहे? मी मित्राला सांगितले, या दिव्यांना तारेचाच बल्ब राहू दे.

म्हणजे बल्ब विकत घेण्याआधी होल्डरच्या मागे काय आहे ते पाहावे लागते. त्यानंतर नंबर. बल्बाच्या पितळी टोपीवर बारीक अक्षरांत नंबर कोरलेला असतो, आणि कंपनी कोणतीही असो, त्या नंबरचा अर्थ एकच. ४४ नंबर म्हणजे ६.३ व्होल्ट, ०.२५ ॲम्पिअर. ४७ नंबर म्हणजे तेच ६.३ व्होल्ट, पण ०.१५ ॲम्पिअर. दोन्ही पिनचे, आपल्याकडच्या घरगुती होल्डरसारखे, दाबून फिरवायचे. इथे अमेरिकेत घरचे बल्ब आटे फिरवून बसवायचे असतात, त्यामुळे पिनबॉलमध्ये पहिला बल्ब काढताना मला लालबागच्या खोलीतला होल्डर आठवला होता. ५५५ नंबर विजेच्या दृष्टीने ४४च, पण त्याला टोपी नसते, काचेच्या बुडाशी दोन तारा दुमडलेल्या असतात आणि तो नुसता खुपसायचा असतो. झगमग करणारे फ्लॅशर वेगळे. ८९ नंबर १३ व्होल्टचा, जाड टोपीचा, ९०६ खुपसायचा. फ्लॅशरच्या जागी ६.३ व्होल्टचे काही लावायला जाऊ नये. मशीनसोबत छापील पुस्तिका असते, तिच्यात कोणत्या जागी कोणता नंबर ते दिलेले असते. पुस्तिका नसेल तर आधी ती मिळवावी, बल्बाचे नंतर पाहावे.

४४ आणि ४७ यांतला फरक कागदावर किरकोळ वाटतो. मशीनमध्ये तो किरकोळ राहत नाही. फळीवर आणि मागच्या पेटीत सगळीकडे उजेड पाडणारे जे दिवे असतात, ते साधारण साठ धरा. ४४ लावले तर साठ गुणिले पाव, म्हणजे १५ ॲम्पिअर. ४७ लावले तर ९ ॲम्पिअर. हा सगळा प्रवाह प्लॅस्टिकच्या छोट्या जोडण्यांतून जातो. माझ्या 'टॅक्सी'तली ती जोडणी मी पहिल्यांदा उघडली तेव्हा प्लॅस्टिक करपून तपकिरी झाले होते, बोट लावले तर तुकडा हातात आला. बोलिंग ॲलीत कोणीतरी फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा फ्यूज ठोकून दिला होता. हे पाप कोणी करू नये. फ्यूज उडतो तो काहीतरी सांगण्यासाठी. मी जोडणी बदलली, पुस्तिकेत लिहिलेला फ्यूज घातला आणि सर्वसाधारण उजेडाच्या प्रत्येक जागी ४७ लावले. उजेडाच्या मापात ४४ साधारण ११ ल्युमेन देतो, ४७ सहा-साडेसहा. फळी थोडी मंद झाली हे खरे, पण त्यामुळेच माहितीचे दिवे उठून दिसू लागले. तिथे बहुतेक जागी मी ४४च ठेवले आहेत. सगळेच बल्ब ओरडून बोलू लागले तर खेळणाऱ्याने ऐकायचे कोणाचे?

रंगाचेही असेच आहे. फळीत बसवलेल्या रंगीत प्लॅस्टिकच्या चकत्या हे खरे तर गाळणे असतात. लाल चकती लाल उजेड पुढे सोडते, बाकीचा अडवते. तारेच्या बल्बात लाल-पिवळा उजेड भरपूर असल्याने लाल, नारिंगी, पिवळ्या चकत्या रसरशीत दिसतात. कूल व्हाइटमध्ये निळा जास्त, लाल कमी. त्यामुळे माझ्या लाल चकत्या त्या रात्री फिक्या गुलाबी दिसत होत्या. निळ्या चकत्यांना मात्र तारेच्या बल्बाने कधीच न्याय दिला नाही, त्या कायम मळकट दिसायच्या. तिथे मी आज निळा एलईडी वापरतो आणि तो खरोखर सुंदर दिसतो. हिरव्याखाली हिरवा, लालखाली लाल, असे चकतीच्याच रंगाचे घेतले तर एलईडीबद्दल माझी तक्रार नाही. पिवळीखाली वॉर्म व्हाइट, म्हणजे पिवळसर पांढरा, चालतो.

आकाशकंदिलाचे उदाहरण सर्वांना पटेल. आमच्या चाळीत ताव कापून, खळ लावून कंदील व्हायचे आणि आत पिवळा बल्ब सोडायचे. तोच कंदील, तोच कागद, आत पांढरा एलईडी सोडून बघा. लाल ताव मेल्यासारखा दिसतो. कागद ज्याने निवडला त्याने तो पिवळ्या उजेडात पाहून निवडला होता. पिनबॉलची फळी आणि मागचे चित्र रंगवणाऱ्या चित्रकारांनीही रंग असेच निवडले होते.

एलईडी जिथे तारेच्या बल्बापेक्षा नक्की चांगला, ती जागाही सांगितली पाहिजे. जुन्या मशीनच्या मागच्या काचेवर चित्र आतल्या बाजूने थेट काचेवर छापलेले असते. मागे बल्बांची रांग. एकेक ४४ दीड वॉटहून जास्त उष्णता देतो. तीस-चाळीस वर्षे रोज तापणे आणि निवणे झाले की रंग पापडासारखा सुटतो. मित्राच्या बॅलीची काच मी हातात धरली होती, नखाएवढा निळा पापुद्रा टेबलावर गळून पडला. तो पुन्हा कधीही चिकटणार नाही. अशा काचेमागे आम्ही वॉर्म व्हाइटचे, दुधी टोपीचे एलईडी लावले आणि पेटी गार राहू लागली. त्या दिव्यांना एससीआर नाही, नुसती ६.३ व्होल्टची एसी आहे, म्हणून तिथे ते जमले. एसीवर लावायचे एलईडी मात्र दोन्ही दिशांनी वीज घेणारे, आत ब्रिज असलेले पाहून घ्यावेत. एकाच दिशेने वीज घेणारा असेल तर अर्धा वेळ तो विझलेलाच असतो आणि डोळे दुखतात. भारतात वीज ५० हर्ट्झची, आमच्या इथे ६० ची, त्यामुळे तिकडे हे थरथरणे जास्त जाणवेल.

भारतातल्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट आहे आणि मला ती बल्बाच्या नंबराइतकीच महत्त्वाची वाटते. अमेरिकेतून आलेले मशीन १२० व्होल्टचे असते. विल्यम्सच्या मशीनमध्ये ट्रान्सफॉर्मरच्या प्लगमधल्या जोडतारा बदलून ते २२० किंवा २४० वर आणता येते. कोणी २२० वर जोडून दिले आणि घरात २३० आले, तर बल्बाला ६.३ ऐवजी ६.६ व्होल्ट जातात. तीन दशांशाने काय होते, असे वाटेल. तारेच्या बल्बाचे आयुष्य व्होल्टेजच्या साधारण बाराव्या घाताने घटते. साडेचार टक्के व्होल्टेज वाढले की आयुष्य साठ टक्क्यांच्या आसपास येते. तीन हजार तासांचा बल्ब अठराशे तासांत जातो आणि माणूस बल्बाच्या कंपनीला दोष देतो. म्हणून बल्बांचे खोके उघडण्याआधी मीटर एसीवर ठेवून सर्वसाधारण उजेडाच्या एखाद्या होल्डरवर व्होल्ट मोजावेत. भाच्याला मी पहिले काम हेच सांगितले. त्याच्याकडे ६.९ आले. ट्रान्सफॉर्मरची जोडणी कोणीतरी २२० वर केलेली होती आणि त्यांच्या सोसायटीत वीज २४० च्या घरात होती. जोडतार २४० वर नेल्यावर ६.३ झाले. ६.९ वर सगळे बल्ब पटापट गेले असते आणि मग एलईडीच बरे, असेच त्याला वाटले असते.

प्रत्यक्ष बदलताना काय करावे, हे लेखात नव्हते, म्हणून थोडक्यात लिहितो. प्लग काढूनच हात घालावा. फळी उचलण्याआधी आतल्या सगळ्या गोळ्या काढाव्यात, नाहीतर त्या धडाधड मागे जाऊन काचेवर आदळतात. फळीखाली दिव्यांच्या पट्ट्यांशेजारीच फ्लिपर वगैरे हलवणाऱ्या कॉइलच्या ५० व्होल्टच्या वायरी असतात. चालू मशीनमध्ये पेचकस निसटून दोन्हींना एकदम लागला तर दिव्यांचे ट्रान्झिस्टर गेलेच म्हणून समजा. अडकलेला बल्ब चिमट्याने ओढू नये, काच फुटून टोपी होल्डरात राहते. रबरी नळीचा बोटभर तुकडा बल्बावर घट्ट चढवावा, दाबावा, फिरवावा, अलगद सुटतो. आणि बल्ब पेटला नाही तर लगेच फेकू नये. चाळीस वर्षांच्या होल्डरात पितळ काळे पडलेले असते, आतली स्प्रिंग ढिली झालेली असते. बारीक पॉलिश पेपर गुंडाळून दोन वेळा फिरवला की गेलेले वाटणारे बल्ब परत पेटतात. बोलिंग ॲलीतून आणलेल्या माझ्या मशीनमध्ये एकोणीस दिवे बंद होते, त्यातले अकरा नुसत्या सफाईने चालू झाले.

एलईडी घेताना उंचीही पाहावी. काहींचे डोके तारेच्या बल्बापेक्षा उंच असते, ते खालून चकतीला टेकते किंवा वरच्या प्लॅस्टिकला घासते. शिवाय एलईडी समोरच उजेड टाकतो. होल्डर आडवा असेल तर उजेड भिंतीवर आणि चकती अंधारात.

तारेचे बल्ब आता बंदच होणार, मग जुन्याचा हट्ट कशाला, असे कोणी विचारेल. अमेरिकेत १ ऑगस्ट २०२३ पासून घरगुती तारेच्या बल्बांची विक्री बंद झाली हे खरे आहे. पण तो नियम ३१० ल्युमेनच्या वरच्या बल्बांना आहे. आमचे ११ ल्युमेनचे इवले बल्ब त्यात येत नाहीत. ते दहा-दहाच्या खोक्यांत आजही मिळतात.

आणखी एक गोष्ट मशीनसमोर उभे राहिल्याशिवाय कळत नाही. खेळ संपला की 'टॅक्सी'चे दिवे एकामागून एक पळतात. तारेचा बल्ब विझताना क्षणभर लालसर होतो, मग जातो, आणि तोवर पुढचा उजळू लागलेला असतो. त्यामुळे उजेड सरकत गेल्यासारखा दिसतो, रात्री मरीन ड्राइव्हवर टॅक्सीच्या काचेतून दिसायचा तसा. ज्याने हा दिव्यांचा खेळ लिहिला, त्याने तो याच बल्बांवर बसून लिहिला आहे. साध्या एलईडीवर तोच खेळ टक-टक-टक असा तुटक दिसतो. विल्यम्सने १९९९ साली पिनबॉल बनवणे थांबवले. ती माणसे आता ही मशीन पुन्हा करणार नाहीत. आपल्या हातात आहेत तेवढीच.

तेव्हा पुरवणीच्या पुढच्या अंकात एवढी दुरुस्ती जरूर छापावी: सर्वसाधारण उजेडाला ४७, माहितीच्या दिव्यांना ४४ किंवा चकतीच्या रंगाचा भुताटकी न करणारा एलईडी, रंग सुटणाऱ्या काचेमागे वॉर्म व्हाइट, आणि हे सगळे पुस्तिका व मीटर पाहून.

भाच्याने काल फळीचा फोटो पाठवला. त्याने चौतीस होल्डर घासून घेतले आहेत, बावीस दिवे पेटले आहेत. उरलेल्या जागा त्याने खडूने खुणा करून ठेवल्या आहेत. डिसेंबरात मी पुण्याला येतोय, तेव्हा ४७ नंबरची दोन खोकी कपड्यांच्या घडीत ठेवून आणणार आहे.

आपला,
एक निवृत्त वायरमन व जुना वाचक
शॉमबर्ग, इलिनॉय